गेकोचं दुसरं अंडं अडलंय: आज काय करायचं आणि किती वाट बघायची

नाशिकमधून, इंदिरानगरातून एका ताईंनी विचारलंय: क्रेस्टेड गेको (हौसेने पाळतात ती परदेशी पाल) मादी, वय अडीच वर्षं, वजन ४१ ग्रॅम. नर दिवाळीनंतर वेगळा केला. तीन दिवसांपूर्वी तिने पेटीच्या काचेच्या तळावर एक अंडं टाकलं. दुसरं पोटात फिकट लांबट गोळ्यासारखं दिसतंय. ती रात्रभर कुंडीतली माती उकरते, मग तशीच वर चढून बसते. खाणं बंद. खोलीत दुपारी ३३ अंश तापमान. घरचे म्हणतात एरंडेलाचे दोन थेंब पाजा, कुणी सांगितलं पोटावर हलका दाब देऊन अंडं खाली सरकवा. काय करावं?

ताई, एरंडेल नको आणि दाब तर मुळीच नको. तिला आज किंवा फार तर उद्या सकाळी सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे न्या. मी स्वतः पशुवैद्य आहे, पक्षी आणि सरपटणारे प्राणी बघतो, आणि तुमच्या वर्णनात मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट खाणं बंद झालं ही नाही. पहिलं अंडं पडून तीन दिवस झाले, ही आहे. या गेकोच्या मादीला एका खेपेला दोन अंडी असतात, क्वचित एकच. दोन्ही बहुधा एकाच रात्री पडतात. मागेपुढे झालं तरी एखाद्या दिवसाचा फरक. तीन दिवस म्हणजे दुसरं अंडं अडलेलं आहे असंच धरून चालायचं.

अंडं नुसतं आत राहिलं म्हणून मादी लगेच दगावत नाही, आणि म्हणूनच लोक वाट बघत राहतात. पण जसजसे दिवस जातात तसं ते कवच अंडनलिकेच्या भिंतीला चिकटू लागतं. आपल्या घरातल्या पालीची अंडी तुम्ही फोटोच्या फ्रेममागे पाहिली असतील, पांढरी आणि टणक. क्रेस्टेड गेकोची तशी नसतात. त्यांचं कवच चामट, लवचीक असतं. दाबलं की ते सहज फाटतं आणि आतला बलक पोटाच्या पोकळीत सांडतो. त्याने पोटात जी सूज येते तिच्यातून ४० ग्रॅमचा जीव वाचवणं फार अवघड असतं. पोट दाबू नका हे मी इतकं ठासून सांगतोय ते यासाठी. एरंडेलाचं म्हणाल तर ते आतड्यात जातं, अंडनलिकेशी त्याचा काही संबंध नाही. जुलाब होऊन आधीच कोरड्या पडलेल्या मादीतलं पाणी मात्र आणखी जाईल.

आणखी एक गोष्ट स्पष्टच सांगतो, कारण आपला भाग गाईम्हशींचा आहे आणि ही कल्पना कुणाच्या ना कुणाच्या डोक्यात येतेच. पान्हवण्याचं म्हणून जे इंजेक्शन गोठ्यात वापरलं जातं ते ऑक्सिटोसिन. अडलेल्या अंड्यासाठी आम्ही पशुवैद्य ते वापरतो हे खरं. पण आधी आत नक्की काय आहे ते बघून, अंगात पाणी आणि कॅल्शियम भरून, वजनावर मोजून. वाट बंद असताना दिलं तर अंडनलिका आवळत राहते आणि फाटते. घरी कुणीही, कितीही अनुभवी असलं तरी, हे टोचू नये.

आता डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंत घरी काय करायचं.

पहिलं तापमान. क्रेस्टेड गेको मूळचा न्यू कॅलेडोनिया बेटांवरचा. हा प्राणी नामशेष झाला असंच समजत होते, १९९४ मध्ये तो तिथे पुन्हा सापडला. आज घरोघरी पाळले जाणारे सगळे त्यानंतरच्या पिढ्यांतले. त्याला २२ ते २६ अंश मानवतं. २८ च्या वर तो त्रासतो आणि ३० च्या वर बराच वेळ राहिला तर जिवावर बेततं. तुमच्या खोलीतले ३३ अंश हे तिच्या अडण्यामागचं एक कारण असण्याची दाट शक्यता आहे. पेटी घरातल्या सगळ्यात थंड, अंधाऱ्या खोलीत हलवा. पश्चिमेच्या भिंतीपासून लांब, फरशीजवळ. नाशिकचा एप्रिल-मे कोरडा असतो, त्यामुळे साधा पाण्याचा कूलर इथे छान काम करतो, हवा थंडही करतो आणि ओलही देतो. झोत थेट पेटीवर घेऊ नका. एसी असेल तर २५ वर ठेवा, पण एसी हवा कोरडी करतो म्हणून पेटीत पाण्याची फवारणी वाढवा.

दुसरं पाणी. झाकणाला भोकं असलेला प्लॅस्टिकचा डबा घ्या, तळाशी पेपर नॅपकिनचे तीन-चार पदर टाका आणि २६-२७ अंशांच्या पाण्याने ते चांगले ओले करा, इतके की तिच्या पोटाखाली पाणी जाणवेल पण ती पोहणार नाही. त्यात वीस मिनिटं तिला शांत बसू द्या. हाताला हे पाणी कोमट लागत नाही, थोडं गारच वाटतं. आपल्या मनाने ‘शेक’ म्हणून गरम पाणी घेऊ नका. नंतर नाकाच्या टोकाला पाण्याचा थेंब लावा, ती चाटेल. तोंड उघडून पिचकारीने पाणी सोडू नका, श्वासनलिकेत जातं.

तिसरं जागा. तिने पहिलं अंडं उघड्या काचेवर टाकलं याचा अर्थ तिला कुंडीतली माती पटली नाही. रात्रभर उकरून परत वर जाणं हेच सांगतंय. मादीला सुरक्षित जागा मिळाली नाही तर ती अंडी धरून ठेवते, आणि अडण्याची जी कारणं मी बघतो त्यातलं हे सगळ्यात सोपं, सगळ्यात दुर्लक्षित. साधारण १५ सेंटिमीटर लांबरुंद, झाकणाचा, अपारदर्शक डबा घ्या. बाजूला वरच्या अंगाला ती सहज शिरेल एवढं भोक पाडा, कडा घासून गुळगुळीत करा. आत किमान १० सेंटिमीटर ओलसर कोकोपीट भरा. नर्सरीत कोकोपीटची वीट मिळते, ती भिजवून दोनतीन पाण्यांनी धुवा, कारण काही विटांमध्ये क्षार राहिलेले असतात. मुठीत घट्ट पिळल्यावर एखाददुसरा थेंब यावा, धार लागू नये. कुंडीतली तयार माती नको. तिच्यात शेणखत, गांडूळखत, कधीकधी रासायनिक खत असतं. डबा पेटीच्या तळाशी कोपऱ्यात ठेवा आणि पेटीच्या तीन बाजू कागदाने झाका. मग तिला एकटं सोडा. दर तासाला टॉर्च मारून बघितलं तर ती पुन्हा काचेवर चढेल.

कधी कधी गारवा, ओल आणि चांगली जागा एवढं दिलं की मादी त्याच रात्री अंडं टाकते. तुमच्या बाबतीत तसं झालं तर आनंदच आहे. पण एका रात्रीपेक्षा जास्त वाट बघू नका. आणि खालच्यापैकी काही दिसलं तर एक रात्रही नाही, तडक निघा: शेपटीखालच्या छिद्रातून लालसर मांस बाहेर आलेलं, ती कुंथतेय पण काहीच येत नाही, पाय किंवा बोटं थरथरतायत, हात लावला तरी उठत नाही, डोळे आत गेलेत, घाण वासाचा स्राव येतोय. मांस बाहेर आलं असेल तर ते स्वतः आत ढकलू नका. सलाइनमध्ये भिजवलेल्या कापसाने ओलं ठेवा आणि डबा घेऊन निघा.

नाशिकमध्ये पशुवैद्यांची कमतरता नाही, पण बहुतेकांचं काम कुत्री-मांजरं आणि गाई-म्हशींचं. त्यात त्यांचा दोष नाही, शिक्षणात या प्राण्यांना वेळच कमी मिळतो. म्हणून जाण्याआधी फोन करून तीन प्रश्न विचारा: तुम्ही पाली-सरडे बघता का, सोनोग्राफी आहे का, आणि लहान प्राण्याला आयसोफ्लुरेन वायूची भूल देता येते का. इथे सोय झाली नाही तर मुंबई आणि पुणे हे पर्याय आहेत. परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथेही निघण्याआधी चौकशी करावी. उन्हाळ्यात हा प्रवास पहाटेच करायचा. दुपारी कसाऱ्याच्या घाटात गाडी अडकली आणि एसी बंद पडला तर अंड्याआधी उष्णताच तिला मारेल. लहान डबा, ओला नॅपकिन, अंधार, आणि डब्याशेजारी कापडात गुंडाळलेली थंड पाण्याची बाटली, चिकटून नाही. रोज पाणी आणि खाद्य कधी दिलं, पहिलं अंडं कधी पडलं, त्याचा फोटो, तिचे आधीचे वजनाचे आकडे, कॅल्शियमच्या डब्याचा फोटो, एवढं सोबत न्या. पेटीचाही फोटो न्या. मला पेटीचा फोटो बघून निम्मं निदान होतं.

डॉक्टर काय करतील हे आधी कळलं तर तुम्हाला धीर राहील. आधी वजन आणि अंगातलं पाणी बघतील, अलगद पोट चाचपतील. मग चित्र काढतील. क्रेस्टेडच्या अंड्याचं कवच फारसं कॅल्शियमचं नसल्याने एक्स-रेमध्ये ते कोंबडीच्या अंड्यासारखं ठळक दिसत नाही, सोनोग्राफीत जास्त चांगलं कळतं. एक्स-रेचा उपयोग वेगळा: हाडं किती भरलीत आणि कंबरेचं हाड वाकडं नाही ना हे दिसतं. लहानपणी कॅल्शियम कमी पडलेल्या मादीची कंबर अरुंद राहते आणि मग अंडं मापाचं असलं तरी वाटच पुरत नाही.

सोनोग्राफीत कधीकधी अंडं नसतंच. लांबट अंड्याऐवजी गोल गोल बलकांचे घोस दिसतात. म्हणजे बलक अंडाशयातच वाढून बसलेत, अंडनलिकेत उतरलेच नाहीत. बाहेरून पोट सारखंच फुगलेलं, खाणं सारखंच बंद, पण इथे ऑक्सिटोसिनचा काडीचाही उपयोग नाही. न बघता इंजेक्शन देऊ नये याचं हे दुसरं कारण. तुमच्या मादीने एक अंडं टाकलेलं असल्याने तिच्यात ही शक्यता कमी आहे.

वाट मोकळी असेल तर सलाइन, कॅल्शियम, उबेचा योग्य पट्टा, आणि गरज पडली तर त्यानंतर ऑक्सिटोसिन. कासवांमध्ये हे औषध फार चांगलं लागू पडतं, पालींमध्ये तेवढा भरवसा नाही. एकदोनदा देऊन हललं नाही तर देत बसण्यात अर्थ नसतो. अंडं छिद्राच्या तोंडाशी दिसत असेल तर डॉक्टर तिथूनच सुईने आतला द्रव काढून अंडं लहान करतात आणि वंगण लावून हळूच बाहेर घेतात. तेही नाही जमलं तर शस्त्रक्रिया.

शस्त्रक्रियेच्या नावाने लोक घाबरतात. ४० ग्रॅमच्या जीवावर चाकू ही कल्पनाच सहन होत नाही, मला समजतं. पण ताकद शिल्लक असताना, म्हणजे अडल्यापासून काही दिवसांच्या आत केलेली शस्त्रक्रिया आणि दोन आठवडे इंजेक्शनं देत बसून शेवटी केलेली शस्त्रक्रिया यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. डॉक्टर फक्त अंडं काढायचं की अंडाशय आणि अंडनलिका दोन्ही काढायच्या हे विचारतील. तुम्हाला पुढे पिल्लं हवी नसतील तर दोन्ही काढायला सांगा, पुन्हा हा प्रसंग येणार नाही. नुसती नलिका काढून अंडाशय ठेवला तर पुढचे बलक थेट पोटात पडतात, ते चालत नाही. टाके सरपटणाऱ्या प्राण्यांत सावकाश भरतात. चार ते सहा आठवडे ते तसेच ठेवावे लागतात, आठवड्यात काढायची घाई करू नका. तोवर पेटीत माती नको, नुसता पेपर नॅपकिन, आणि उंच फांद्या काढून टाका.

हे सगळं करताना पोटातल्या अंड्याचा विचार मनातून काढून टाका. ‘अंडं वाचेल का’ हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो. इतके दिवस अडलेल्या अंड्यातून पिल्लू निघण्याची आशा जवळपास नसते आणि त्या आशेपायी मादीचे दिवस जातात. पहिलं अंडंही काचेवर सुकलं असेल तर सोडून द्या.

आता हे झालंच का, याबद्दल. नर दिवाळीनंतर वेगळा केला तरी अंडी कशी, असं तुम्हाला वाटलं असेल. या मादी नराचं बीज अंगात महिनोन् महिने साठवून ठेवतात. एका मिलनानंतर दर चार ते सहा आठवड्यांनी दोन दोन अंडी, असं बराच काळ चालतं. नर कधीच न पाहिलेली मादीसुद्धा वांझ अंडी घालू शकते, आणि वांझ अंडंही तितकंच अडतं. म्हणजे दिवाळीपासून तुमच्या नकळत तिने आधीही खेपा टाकल्या असतील, कुंडीच्या मातीत त्या सापडतीलही. प्रत्येक खेपेला कॅल्शियम जातं. स्नायू आवळायला कॅल्शियमच लागतं, ते संपलं की अंडनलिकेला ढकलायची ताकदच उरत नाही. अंडं मापाचं, वाट मोकळी, जागा चांगली, तरी ते जागचं हलत नाही.

हा साठा बघायची एक सोय निसर्गाने ठेवली आहे. घरच्या पालीच्या मानेवर दोन्ही बाजूंना पांढऱ्या गाठी दिसतात ना, तो तिचा कॅल्शियमचा साठा. क्रेस्टेडमध्ये या पिशव्या तोंडात वर, टाळूला असतात. ती जांभई देते किंवा चाटताना तोंड मोठं उघडते तेव्हा दोन पांढऱ्या पिशव्या दिसल्या पाहिजेत. दिसल्या नाहीत तर साठा रिकामा. जबडा मऊ लागणं, शेपूट नागमोडी होणं, उडी चुकणं हे त्याच्याही पुढचे टप्पे आहेत. तोंड मुद्दाम उघडायला जाऊ नका, डॉक्टर बघतील.

खाण्याबद्दल नाशिककरांना मला एक सांगायचंच आहे. इथे द्राक्षं घरोघरी असतात आणि गेको गोड खातो, म्हणून लोक मनापासून द्राक्षं भरवतात. द्राक्षात कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस जास्त, आणि बागेत होणाऱ्या फवारण्या वेगळ्याच. केळ्यात तर फॉस्फरस कॅल्शियमच्या कितीतरी पट. जास्तीचा फॉस्फरस कॅल्शियम अंगी लागू देत नाही. पिकलेली पपई किंवा अंजीर चालतं, तेही अधूनमधून. मुख्य खाद्य म्हणजे क्रेस्टेडसाठीची तयार पावडर, रेपाशी किंवा पॅन्जियासारखी, पाण्यात कालवून एक दिवसाआड. अंड्यांच्या दिवसांत रोज. आठवड्यातून एकदा-दोनदा रातकिडे, कॅल्शियमच्या पावडरीत घोळवून. बरण्यांमध्ये वाढवलेले घ्या, शेतातले किंवा दिव्याखालचे पकडू नका. माणसांच्या कॅल्शियम-डी३ च्या गोळ्या कुटून देऊ नका. डी३ चा माणसाचा डोस या जिवाला विषासारखा होतो.

डी३ अंगात तयार व्हायला अतिनील प्रकाश लागतो आणि तो खिडकीच्या काचेतून येत नाही. काचेची पेटी उन्हात ठेवली तर प्रकाश मिळत नाहीच, उष्णतेने ती मरते. निशाचर प्राण्यासाठीची कमी ताकदीची अतिनील ट्यूब पेटीच्या वर जाळीवर लावा, खाली पानांची दाट सावली असू द्या.

ती सावरली की तिला विश्रांती लागेल, आणि त्यासाठी आपली थंडी कामाची आहे. नोव्हेंबर ते जानेवारी दिवसाचं तापमान खाली येतं तेव्हा लोक काळजीने हीटर लावून पेटी २६ वर ठेवतात, त्यामुळे मादी वर्षभर अंडी घालत राहते. तसं करू नका. पेटी १८ ते २१ अंशांत राहिली आणि दिवसाचा उजेड कमी झाला की ती आपोआप थांबते. दोन-तीन महिने थांबली की टाळूच्या पिशव्या पुन्हा भरतात. मात्र निफाडकडे आणि शहराच्या कडेच्या उघड्या वस्त्यांत रात्री फार उतरतं, तिथे थर्मोस्टॅट लावलेली हीट मॅट पेटीच्या बाजूला लावून १६ च्या खाली जाऊ देऊ नका. आणि हा गारवा धडधाकट मादीसाठी आहे. शस्त्रक्रिया झालेली किंवा वजन घटलेली मादी असेल तर २४ अंशच ठेवा, विश्रांती पुढच्या वर्षी.

०.१ ग्रॅम मोजणारा छोटा काटा विकत घ्या, सराफ बाजारात किंवा ऑनलाइन सहज मिळतो. दर रविवारी वजन वहीत लिहा. अंडी भरत असताना ते वाढतं. टाकल्यावर अंड्यामागे दीड-दोन ग्रॅम उतरतं. वाढून मग न उतरलेलं वजन, आणि सोबत उकरणं, ही तुमची पहिली सूचना. उकरायला लागल्यापासून ४८ तासांत अंडी दिसली नाहीत तर मला किंवा तुमच्या डॉक्टरांना फोन करा. नर परत आणायचा विचार किमान एक पूर्ण वर्ष करू नका.

आता उत्तर वाचत बसू नका, आधी कूलर लावा आणि डॉक्टरांना फोन करा. सोनोग्राफीत काय दिसलं ते कळवा, म्हणजे पुढचं बोलू.